मागच्या सीटखालचा वास

आमच्या घरात माणसं दोन आणि नाक एकच. ही गोष्ट आम्ही चार वर्षं लोधीपुऱ्यात कुणाला कळू दिली नव्हती. लपवण्यात माझाही हात होता, म्हणून सांगायचीही मीच.

आमचे हे, नाव घ्यायचं तर नामदेव, कागदाच्या कारखान्यात वेल्डर होते. नोकरी संपल्यावर आम्ही बुऱ्हाणपुरात आलो आणि यांनी लोधीपुऱ्यात रेडिएटर आणि पेट्रोलच्या टाक्या दुरुस्त करायचं दुकान टाकलं. टाकीच्या कामाला सगळेच हात घालत नाहीत. पेट्रोल काढून घेतलं की लोकांना वाटतं टाकी रिकामी झाली. पण त्याची वाफ आत बसून राहते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा ती वाफ वाईट. एक ठिणगी पडली की टाकी फुटते आणि समोरच्या माणसाचं काही उरत नाही. म्हणून हे टाकी सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा धुवायचे, दिवसभर पाणी भरून ठेवायचे, मग उलटी करून उन्हात टाकायचे, आणि सगळ्यात शेवटी तिच्या तोंडाशी नाक नेऊन मोठा श्वास घ्यायचे. नाकाने हो म्हटल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. गळणाऱ्या गाड्यांचंही तसंच. पेट्रोल आहे की ऑइल, पाईपातून येतंय की टाकीच्या तोंडातून, हे दोन श्वासांत सांगायचे. लोक म्हणायचे, नामदेवभाऊंचं नाक म्हणजे मशीन.

कोरोनात ते मशीन बंद पडलं. ताप गेला, खोकला गेला, वास काही परत आला नाही. डॉक्टर म्हणाले येईल. सहा महिने मी रोज सकाळी यांच्या नाकाखाली लसूण ठेचून धरत होते आणि हे रोज "आज जरासा आला बहुतेक" म्हणून माझं मन राखत होते. शेवटी मी लसूण आमटीत टाकायला लागले.

मग आम्ही एक पद्धत बसवली. दुकानाच्या मागेच आमचं घर. टाकी किंवा गळकी गाडी आली की हे आत हाक मारणार, "भागीरथी, चहा." मी चहा घेऊन यायची, गाडीला वळसा घालून जायची, वास घ्यायची. कप यांच्या हातात दिला तर वास नाही, स्टुलावर ठेवला तर आहे. गिऱ्हाइकाला वाटायचं, काय नवऱ्याची सेवा करते ही बाई. यांना दिवसाला सात-आठ कप चहा व्हायचा. पोटात आग पडते म्हणून रात्री कण्हत असायचे, पण लोकांना खरं सांगायचे नाहीत. नाक गेलेल्या माणसाकडे टाकी कोण देईल, हे एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी सकाळी आमचं वाजलं. आदल्या दिवशी यांनी तुषार नावाच्या एका टॅक्सीवाल्याला माझ्या देखत सांगितलं होतं, "माझं नाक तीस वर्षांत चुकलं नाही." मी तेव्हा कप स्टुलावर ठेवत होते. रात्रभर ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

"आजपासून चहा बंद," मी म्हटलं. "वास घ्यायला मी पाहिजे ना, मग चारचौघांत सांगा. म्हणा, माझी बायको वास घेते."

"आणि लोक हसतील ते?"

"हसू देत. मेलेल्यापेक्षा हसलेले बरे."

"नको येऊस मग," हे म्हणाले. "माझं मी बघून घेईन."

मीही हट्टाला पेटले. चपला घातल्या आणि सरळ राजघाटावर जाऊन बसले. तापीला पाणी चांगलं होतं, सप्टेंबर संपत आला होता. माझा राग मोठा असतो पण फार लांब जात नाही. साडेअकरापर्यंत तो उतरला, भूक लागली, आणि मी घराकडे निघाले.

वाटेत चौकात ललितची गाडी दिसली. ललित आमच्या गल्लीतला. त्याची केळी आणि कपाशीची शेती आहे, आणि मागच्या वर्षी त्याने जुनी पांढरी गाडी घेतली आहे. तो रस्त्याच्या पलीकडे होता. मध्ये केळीने भरलेला ट्रक अडकला होता आणि सगळे हॉर्न वाजवत होते.

"काकू," त्याने खिडकीतून हात काढून ओरडून सांगितलं, "काकांना दाखवली गाडी. ओके आहे बोलले. रंजिताचं डोहाळजेवण आहे खंडव्याला. टाकी फुल्ल करतो आन् निघतो."

रंजिता त्याची बहीण. गाडीत पुढे त्याची बायको हिमानी कपाळाला हात लावून बसली होती. मागे त्याचे वडील सुकलालभाऊ, आणि त्यांच्या बाजूला ललितची पाच वर्षांची मुलगी मृणाल. तिने मला काचेला नाक चिकटवून दाखवलं. मी हात हलवला. काकांना गाडी कशाला दाखवली, हे विचारायला मी रस्ता ओलांडायला हवा होता. पण ऊन होतं, आणि काकांच्या नावाने अजून थोडं डोकं तापलेलंच होतं. ट्रक हलला आणि गाडी गेली.

दुकानात हे पाय पसरून बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा खुलला, पण लगेच त्यांनी तो गंभीर केला.

"झालं काम तुझ्याशिवाय," ते म्हणाले. "ललितची गाडी होती. आत वास येतो म्हणाला. हिमानीला चक्कर येते. ती म्हणते पेट्रोल, हा म्हणतो दवाईचा आहे."

"मग?"

"मग काय. परवा मागच्या सीटवर फवारणीच्या दवाईचा डबा कलंडला होता, त्यानेच सांगितलं. मी सीट उचलून पाहिली. खालचा जाड कापडी नमदा ओला होता. पुसला, दोन दिवस उन्हात काचा उघड्या ठेव म्हटलं. टाकी खालून बघितली, एकदम कोरडी. पाईप कोरडे. हिमानीला सांग म्हटलं, वहम आहे."

कपाशीच्या दवाईला घासलेटासारखा उग्र वास असतो. आमच्याकडे शेतकऱ्याची गाडी म्हणजे डिकीत दवाईचा डबा असायचाच, आणि गाडीत कसलाही वास आला तरी आमची माणसं त्या डब्यालाच धरतात. मलाही ते पटलं. मी आत जाऊन भाकरी टाकणार होते. पण माझी खोड अशी की भांडण झाल्यावर मी काही ना काही आवरायला घेते. स्टुलाखाली झाकणाचा डबा होता. तेलकट चिंध्या उघड्यावर टाकायच्या नाहीत, झाकणाच्या डब्यात टाकायच्या, ही यांची कारखान्यातली सवय. मी तो रिकामा करायला झाकण उघडलं.

वास असा अंगावर आला की मी मागे सरकले.

"हे काय पुसलंत?"

"ललितचा नमदा. दुसरं कामच नाही आज."

मी चिंधी बाहेर काढली. माझ्याच जुन्या लुगड्याचा तुकडा होता. नाकाशी नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला. चूक असावी असं मला फार वाटत होतं.

"अहो, ही दवाई नाही," मी म्हटलं. "हे पेट्रोल आहे."

यांनी चिंधी माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच्या नाकाला लावली. इतक्या वर्षांची सवय. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती खाली ठेवली. त्यांच्या तोंडाचा रंग उडाला.

"सीटखाली पेट्रोल," ते हळू म्हणाले. "म्हणजे टाकीच्या वरच्या तोंडातून. टाकीतला पंप बसतो तिथून. काटा अर्ध्याच्याही खाली होता, म्हणून खालून काही दिसलं नाही. भरली तर..."

"तो टाकी फुल्ल करून निघालाय."

"एसी लावून," हे म्हणाले. "काचा बंद करून. आणि सुकलाल मागेच बसतो."

सुकलालभाऊंची बिडी विझलेली मी कधी पाहिली नव्हती. एकीवर दुसरी पेटवणारा माणूस, आणि नेमका टाकीच्या डोक्यावर बसलेला.

दुकान तसंच उघडं टाकून आम्ही स्कूटर काढली. हे चालवत होते, मी मागे बसून फोन लावत होते. ललितचा फोन वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं. हिमानीचा नंबर आमच्याकडे नव्हता. पेट्रोलपंपावर विचारलं तर पंपावरचा मुलगा म्हणाला, पांढरी गाडी पंधरा मिनिटं झाली गेली, अगदी तोंडापर्यंत भरून दिली. अगदी तोंडापर्यंत, असं तो कौतुकाने म्हणाला.

खंडव्याकडे जाणाऱ्या इंदूरच्या रस्त्याला लागल्यावर मला खरी भीती वाटायला लागली. तोवर धावपळ होती, आता नुसतं बसून राहायचं होतं. पुढे दिसेल ती पांढरी गाडी मला ललितची वाटत होती आणि जवळ गेल्यावर दुसरीच निघत होती. कुठे धूर दिसला की जीव खाली-वर व्हायचा. निंबोल्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला चार-पाच माणसं घोळका करून उभी दिसली. मी डोळेच मिटून घेतले. कुणाचं तरी टायर पंक्चर झालं होतं.

"बिडी ओढली तर लगेच...?" मी यांच्या कानात विचारलं.

"लगेच होईल, नाहीतर होणारही नाही. वाफ किती साठली त्यावर आहे."

"साठली असेल?"

यांनी स्कूटरचा कान आणखी पिळला. मी सकाळी चहा घेऊन गेले असते तर एक कप स्टुलावर ठेवायला किती वेळ लागला असता, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. यांच्यावर रागवावं तर माझाच राग या सगळ्याच्या मुळाशी होता.

पाचव्यांदा फोन लावला आणि कुणीतरी उचलला.

"हॅलो, कोण बोलतंय?" मृणालचा आवाज.

"मृणाल, मी भागीरथी आजी. पप्पांना फोन दे."

"पप्पा भुट्टा लेने उतरले. गाडी रुकली आहे."

"मम्मीला दे मग."

"मम्मी सो गई. सिर दुखतंय तिचं. उठतच नाही."

"आजोबा कुठे आहेत?"

"इथेच. माचिस शोधून राहिले."

मी ओरडलेच. हे म्हणाले, काय झालं, पण सांगायला वेळ नव्हता. "आजोबांच्या कानाला फोन लाव, बाळा. लवकर."

खरखर झाली आणि सुकलालभाऊंचा आवाज आला. "कोन? आँ? मले काही ऐकू येत नाही. ललित बाहेर आहे." त्यांनी फोन परत पोरीकडे दिला. त्यांच्या एका कानाने कधीचाच राम म्हटलाय, हे मी विसरले होते.

"मृणाल, ऐक. आजोबांना माचिस सापडली का?"

"हो. सापडली आता."

"त्यांच्या हातातून ओढून घे आणि बाहेर फेक."

"आजोबा मारतील."

"मी आजोबांना मारीन. तू फेक. दार उघड, माचिस फेक आणि तू पण खाली उतर."

"मम्मी बोलते रोड पे नहीं उतरना. ट्रक येतात."

मी तिच्या जन्मापासून तिला हेच सांगत आले होते. रस्त्यावर उतरायचं नाही, मोठ्यांच्या हातातलं हिसकावायचं नाही. आणि आता पाच वर्षांच्या पोरीला हायवेवर एकटी उतर म्हणून सांगायचं होतं. मी सांगितलं. "झाडाच्या बाजूने उतर, रस्त्याच्या बाजूने नाही. उतर, मृणाल." तिकडून काहीच आवाज आला नाही. फोन कट झाला होता. तिने यातलं किती ऐकलं, मला माहीत नव्हतं.

असीरगढचा डोंगर समोर दिसत होता. मी कधी देवाला नवस बोलत नाही, त्या दिवशीही बोलले नाही. नुसती "पळवा, पळवा" म्हणत राहिले.

रस्त्याचा चढ संपतो तिथे, डोंगराच्या पायथ्याशी, कडुलिंबाखाली भुट्ट्यांची हातगाडी होती. मालूबाई नावाची एक म्हातारी तिथे पावसाळाभर बसते. तिच्या शेगडीतले निखारे ती पुठ्ठ्याने वारा घालून फुलवत होती आणि ठिणग्या उडत होत्या. ललितची पांढरी गाडी त्या शेगडीपासून दोन हातांवर उभी होती. मागचं दार सताड उघडं. मृणाल झाडाला टेकून रडत होती. सुकलालभाऊ शेगडीवर वाकून निखाऱ्यावर बिडी पेटवत होते आणि पोरीला शिव्या घालत होते.

"माचिस फेकली या कारटीने! सगळी काडेपेटी झुडपात!"

त्यांनी बिडी ओढली, ती लाल झाली, आणि ते गाडीत बसायला वळले.

स्कूटर थांबायच्या आधीच मी उडी टाकली. गुडघ्यावर पडले, उठले, धावले. सुकलालभाऊ माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, आयुष्यात मी त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता. त्यांच्या तोंडावर अशी चापट मारली की बिडी लांब धुळीत जाऊन पडली. मी ती चपलेने चिरडली, पुन्हा पुन्हा चिरडली.

"वहिनी!" ते गाल धरून उभे राहिले. "पागल झाली काय?"

"पाणी!" हे स्कूटरवरूनच ओरडले. "बाई, निखाऱ्यावर पाणी ओत!"

"आन् माझा धंदा?" मालूबाई म्हणाली. मग तिने यांचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता अख्खी कळशी शेगडीत ओतली. वाफ उठली, राख उडाली. मी पुढचं दार उघडून हिमानीला काखेत धरून ओढलं. ती अर्धवट शुद्धीत होती, पाय ओढत आली. गाडीतून जो वास आला त्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वासात ही माणसं तासभर बसून आली होती.

ललित दोन्ही हातांत भुट्टे घेऊन उभा होता. "काका, काय झालं?"

"चावी दे. गाडी कुणी चालू करायची नाही. बॅटरीला हात लावायचा नाही, तार काढताना ठिणगी पडते. चारही दारं उघडा आणि ढकला."

आम्ही गाडी ढकलत शेगडीपासून लांब मोकळ्यावर नेली. अर्धा तास तशीच वाऱ्यावर ठेवली. मग यांनी मागची सीट उचलली. नमद्यातून पेट्रोल ठिबकत होतं. त्याखालचं पत्र्याचं झाकण काढल्यावर टाकीचं तोंड दिसलं, आणि तोंडाभोवतीची रबराची रिंग एका बाजूने ओठासारखी बाहेर आलेली.

"पंप कधी बदललास?"

"गेल्या महिन्यात. बाहेरगावी बंद पडली होती, तिथेच एकाकडून करून घेतलं."

"त्याने रिंग जुनीच बसवली. रबर पेट्रोलने फुगतं. एकदा काढलं की परत नीट बसत नाही, नवीनच टाकावी लागते. टाकी अर्धी असेल तर काही कळत नाही. भरली आणि चढ लागला, की इथून सांडतं."

"मग सकाळी का नाही सांगितलं?" ललितचा आवाज चढला. "मी मुद्दाम तुमच्याकडे आणली ना गाडी? खंडव्याला जायचं होतं म्हणून आणली ना?"

झाडाखालून हिमानी बोलली. तिला ओकारी येऊन गेली होती आणि मृणाल तिच्या मांडीवर होती. "मैंने तो बोला था पेट्रोल आहे. काका बोलले वहम आहे. आणि चढाला लागल्यावर वास येणंच बंद झालं. मुझे लगा ठीक हो गया."

"बंद नव्हता झाला," हे म्हणाले. "नाक भरून जातं. मग कळत नाही."

"तुमचं पण भरलं होतं का सकाळी?" ललितने विचारलं.

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. टाकी भरलेली नव्हती, दवाई सांडलेली होती, गळती दिसलीच नाही. यातलं काहीच खोटं नव्हतं. चार वर्षं झाकलेलं आणखी झाकता आलं असतं. मी तोंड उघडलं, पण हे माझ्या आधी बोलले.

"मला वास येत नाही, ललित. कोरोनात गेला तो आलाच नाही. भागीरथी वास घ्यायची आणि मी सांगायचो. आज ती नव्हती आणि मी अंदाजाने सांगितलं."

सुकलालभाऊंना ऐकू आलं नसावं, ते ललितकडे बघत होते. ललितने हातातले भुट्टे गवतात फेकून दिले. त्याने यांची गचांडी धरली असती तरी मला नवल वाटलं नसतं. तो फक्त मृणालजवळ जाऊन बसला आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला, आणि यांच्याकडे त्याने परत पाहिलं नाही. मला ते मारण्यापेक्षा लागलं.

थोड्या वेळाने त्याने एका पिकअपवाल्याला फोन करून गाडी ओढून न्यायला बोलावलं. हिमानीच्या चेहऱ्यावर रंग आला. मालूबाईने सुकलालभाऊंना पाणी दिलं. माझा गुडघा आता ठणकायला लागला होता, आणि त्या दुखण्याने मला बरंच वाटत होतं. सगळे जिवंत होते. मी यांच्याजवळ गेले. हे मैलाच्या दगडावर बसले होते आणि बोटांवर काहीतरी मोजत होते.

"चला," मी म्हटलं. "सांगून टाकलंत, बरं केलंत. पहिल्यांदाच चुकलात आणि देवाने सांभाळलं."

"पहिल्यांदा नाही," हे म्हणाले.

मला कळलं नाही.

"जूनमध्ये तुझ्या भावाचा पाय मोडला, तू डोईफोडियाला गेलीस. किती दिवस?"

"अकरा. पण तुम्ही म्हणालात, टाकीचं एकही काम घेतलं नाही. मी फोनवर रोज विचारत होते."

"घेतली. तू काळजी करशील म्हणून नाही म्हणालो. लोक येतात, नाही कसं म्हणायचं? वरून बघायचो, खालून बघायचो, हात फिरवायचो, आणि ठीक आहे म्हणून सांगायचो." त्यांनी बोटं पुढे केली. "निलेशची जीप. बँकेतल्या भूपेंद्र साहेबांची गाडी, त्यांनाही वास येत होता, मी म्हटलं एसीचा आहे. आणि अरविंदची व्हॅन."

"कोणता अरविंद?"

"शाळेची मुलं नेतो तो."

मी घड्याळात पाहिलं. सव्वा वाजला होता. शाळा एक वाजता सुटते.

"तीन महिने झाले," मी म्हटलं. "काही व्हायचं असतं तर..."

"ललितलाही एक महिना काही झालं नव्हतं."

त्यांनी फोन काढला. अरविंदचा नंबर मीच लावून दिला. मी स्पीकर चालू केला. रिंग वाजत राहिली. ललितने मान वर करून पाहिलं. हिमानीही बघायला लागली. चौथ्या का पाचव्या रिंगला फोन उचलला गेला, आणि अरविंदच्या आधी आम्हाला पोरांचा गोंगाट ऐकू आला. कुणीतरी पाढे म्हणत होतं, कुणीतरी जागेवरून भांडत होतं.

"बोला काका. गाडी चालवून राहिलो."

"अरविंद, बाजूला घे. बंद कर आणि पोरांना उतरव. सगळ्यांना."

"काय झालं? भर रस्त्यात कसं उतरवू? आईबाप बोंबलतील."

"उतरव," हे म्हणाले. "जूनमध्ये तुझी टाकी मी बघितली नाही. मला वास येत नाही, अरविंद. कुणाला सांगितलं नाही मी. उतरव आधी."

पलीकडे इंजिनाचा आवाज थांबला, दार सरकल्याचा आवाज आला, आणि तो पोरांना ओरडून म्हणाला, "उतरा रे, सगळे उतरा." यांनी फोन तसाच कानाशी धरून ठेवला. एकेक पोर उतरत होतं, आणि हे ओठ हलवत ते मोजत होते. व्हॅनमध्ये किती असतात, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

अकरापर्यंत मोजून झाल्यावर अरविंद म्हणाला, "झाले." मग त्याने विचारलं, "आता?" हे म्हणाले, लांब उभं कर त्यांना, मी येतो. त्यांनी फोन ठेवला, डोळे पुसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "भूपेंद्र साहेबांचा नंबर लाव."